रावस सापडत नाही

फाइल लोड होत नाही.
टूल तांबड्या पट्टीत एवढंच सांगतं.
खाली सतरा ओळींचं कारण,
त्यातल्या सोळा ओळी त्याची स्वतःची कैफियत.

ब्राउझरमध्ये तीच फाइल सरळ उघडते.
म्हणजे आहे. म्हणजे वाचता येते.
मला येते, याला येत नाही.

नेहमीची दारं वाजवून बघते:
प्रॉक्सी. सर्टिफिकेट. पासवर्डची मुदत.
कॅश पुसते. टूल बंद करून पुन्हा चालू करते,
जसा आपण रिमोट तळहातावर आपटतो.
परळच्या या मजल्यावर साडेनऊला एसी बंद होतो
आणि खाली, जिथे साचेखातं होतं म्हणतात,
तिथल्या बोलिंग ॲलीतून
पिना कोसळल्याचा आवाज वर येतो.

मग फाइलच वाचायला बसते,
भाडेकरार वाचावा तशी:
कोणी काय द्यायचं, कोणत्या क्रमानं,
न दिल्यास काय.
निवृत्तिवेतनाची सेवा आहे.
तुम्ही क्रमांक द्या, मी सांगेन
माणूस हयात आहे की नाही.
बाराशे ओळींत एवढंच वचन.

ओळ एक्केचाळीस.
इथे ती दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवते:
व्याख्या माझ्यापाशी नाहीत, रावसकडे विचारा.

रावस हे मशीन.
पूर्वी इथे सर्व्हरना माशांची नावं होती,
सुरमई, घोळ, मांदेली,
आणि सारखा मान टाकणारा एक, तो बोंबील.
ब्राउझर बोट बघतो नि सोडून देतो.
टूल मात्र बोटामागे चालत जातं,
दार ठोठावतं, तीस सेकंद उभं राहतं
आणि परत येऊन माझ्यावर तांबडं होतं.

ऑस्बर्न डिमेलोंना फोन लावते.
निवृत्त, गोराईला असतात.
"रावस? माझ्या टेबलाखाली होता तो.
एसीत पाय गारठले की त्यावर ठेवायचो.
भंगारात गेला, पावतीवर माझीच सही.
थांब, कॉपी असेल कुठेतरी."
कॉपी येते. फाइलचं नाव:
शेवटची_खरंच_शेवटची_२.

दोन्ही फाइली एका फोल्डरमध्ये ठेवते.
पत्ता बदल, तन्वेशला सांगते,
म्हणावं, रावसकडे नको जाऊस, शेजारीच बघ.
तांबडी पट्टी जाते.
आणि सेवा म्हणते: तू कोण? ओळखत नाही.

तन्वेशनं एका फटक्यात
दिसेल तिथला रावस पुसलाय.
"मेलेले पत्तेच होते ना, मॅडम."
सगळे नव्हते. वरच्या ओळीतला तो पत्ता नव्हे,
पत्त्यासारखं दिसणारं नाव आहे.
तिथे कोणी राहत नाही, कधी राहतही नव्हतं.
तिथे जायचं नसतं.
दोघांनी ते एकसारखं म्हणायचं, बास.

कसं सांगू.
आमच्या स्टॉपला कंडक्टर अजून ओरडतो, चंद्रिका टॉकीज.
टॉकीज पाडून एकोणीस वर्षं झाली,
तिथे रक्त तपासतात आता.
पण रक्त तपासतात तिथे उतरायचंय म्हणालास
तर तिकीट कुठलं फाडणार तो?
मीही सहा घरं बदलली. आडनाव तेच.

नाव परत लिहिते, अक्षर न् अक्षर,
शेवटच्या तिरक्या रेघेसकट.

टूल कोरी विनंती मांडतं,
रकान्यारकान्यात एकेक प्रश्नचिन्ह.
डिमेलो अजून स्पीकरवर आहेत.
"माझाच नंबर टाक," म्हणतात, "बघू तरी."
टाकते.
दोनशे तेरा मिलिसेकंद.
हयात: होय.

वाचून दाखवते.
पलीकडे खोकला, कुठलंसं कुत्रं,
मग, "नोव्हेंबरपर्यंतच धर हां ते."

तन्वेश पुढची केस वाचतो:
क्रमांक अस्तित्वात नसल्यास.